मॅजेस्टिक गेलं, पिठलं-भाकरी आली

अहो वहिनी, ऐकलंत का? या की जरा इकडे भिंतीपाशी. कुरडया वाळू देत तुमच्या, त्या काही पळून जात नाहीत. आणि आवाज हळू हं, आमचे हे ओट्यावर पेपर वाचतायत. वाचतायत कसले, कान इकडेच आहेत.

तर परवा आमची नात गिरगावात उतरली. उतरली म्हणजे कशी? जमिनीखालून! ती नवीन मेट्रो नाही का झाली 2025 च्या ऑक्टोबरात, तिचं गिरगावला स्टेशनच आहे आता. आमच्या वेळी चर्नी रोडला उतरून पुलावरून चालत यायचं, घामाघूम व्हायचं. ही पोरगी सरकत्या जिन्यावरून वर आली आणि तिथूनच मला व्हिडिओ कॉल. म्हणते, "आजी, तुझं मॅजेस्टिक कुठंय? दाखवते तुला." मी म्हटलं, विचार कुणाला तरी जुन्या माणसाला. तिनं विचारलं एका गृहस्थांना. त्यांनी बोट दाखवलं आणि हिनं तिकडे फोन फिरवला. अहो, दुकानांची बिल्डिंग! नात म्हणते, "आजी, हे तर शॉपिंग सेंटर आहे." आणि तिचा चेहरा असा पडला, जसं काही मीच तिला फसवलं इतकी वर्षं.

मग मी हे तुमच्या साहेबांना सांगायला गेले, तर ते काय म्हणाले असतील? "मॅजेस्टिक ना? माहितीये की. रीगलसमोरचं आमदार निवास. आम्ही उतरलोय तिथे, बदलीच्या कामाला गेलो होतो तेव्हा." घ्या! राग मानू नका हं, पण परभणीच्या माणसाला मुंबई म्हणजे आमदार निवास आणि मंत्रालय. मधलं सगळं गिरगाव गाळलं. मी म्हटलं, साहेब, ते कुलाब्याचं मॅजेस्टिक. माझं मॅजेस्टिक वेगळं. ते 1972 सालीच पाडलं. ते गप्प झाले. चहाही अर्धा ठेवला त्यांनी.

तर काय सांगत होते… हां, मॅजेस्टिक.

तुम्ही इथे टाकीज म्हणता ना? "टाकीजला जायलो" म्हणतात पोरं. आम्ही गिरगावात टाकीज कधी म्हटलं नाही, आम्ही म्हणायचो मॅजेस्टिकला चाललो, सेंट्रलला चाललो, नावानंच. पण तुमचा हा टाकीज शब्द आला कुठून? टॉकी म्हणजे बोलणारा सिनेमा. आणि आपल्या देशात सिनेमा पहिल्यांदा बोलला तो कुठे? आमच्या मॅजेस्टिकात! 14 मार्च 1931, आलम आरा. म्हणजे आख्खी परभणी ज्या शब्दानं सिनेमाला जाते, त्याचं आपल्याकडचं बारसं माझ्या माहेराच्या रस्त्यावर झालं. आता बोला.

थिएटर बांधलं 1918 मध्ये. दोघांनी मिळून, अर्देशिर इराणी आणि अब्दुलअली इसूफअली. हे इसूफअली मूळचे तंबूवाले. आपल्या उरुसात नाही का तंबू लागायचे सिनेमाचे, तसाच तंबू घेऊन हा माणूस सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश, सिलोन असा भटकून आला होता. शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद तंबू, आणि आत हजार माणूस. तुमच्या चुलतसासऱ्यांची नव्हती का टुरिंग टाकीज, जिंतूर-सेलूच्या बाजूला फिरायची? तेच काम, फक्त बोटीत घालून. त्या दोघांनी आधी अलेक्झांड्रा थिएटर घेतलं, मग मॅजेस्टिक बांधलं. म्हणून तर इराणींनी बोलपट काढला तेव्हा तो लावायला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं नाही. घरचा नवरदेव आणि घरचाच मांडव.

आणि आमचा तो रस्ता काही साधा नव्हता हो! आता त्याला जगन्नाथ शंकरशेठ रोड म्हणतात, आम्हाला तो गिरगाव रोडच. तुम्ही म्हणाल ही म्हातारी माहेराचं कौतुक सांगतेय. सांगणारच! सिनेमा नावाचं जे काही आहे ते आधी त्या दोन-तीन फर्लांगांत झालं आणि मग जगाला कळलं. दादासाहेब फाळक्यांनी येशू ख्रिस्ताचा सिनेमा पाहिला तो गिरगावातच, अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये, 1910-11 च्या सुमारास. पाहून आले आणि डोक्यात वेडच शिरलं. घरी सरस्वतीबाईंना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना, मग त्यांनाही नेऊन दाखवलं. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीत मला तीच आवडते. नवरा काहीतरी अचाट सांगतोय, बायको म्हणते काहीतरीच काय, आणि मग दोघं तिकीट काढून जातात.

राजा हरिश्चंद्र लागला तो 3 मे 1913 ला कोरोनेशनमध्ये, आमच्या गिरगावातच. आणि तारामती कोण होती ठाऊक आहे ना? अण्णा साळुंके! ग्रँट रोडच्या हॉटेलातला आचारी. बाई मिळेना म्हणून हॉटेलात चहा पिता पिता फाळक्यांची नजर त्याच्या हातांवर गेली, नाजूक होते म्हणे. दहा रुपये पगार होता, पंधरा देतो म्हणाले, आणि आचाऱ्याची राणी झाली. आमचे हे म्हणतात, पाच रुपयांसाठी मिशी काढली बिचाऱ्यानं. तुम्ही हसताय, पण तेव्हाचे पाच रुपये…

कोरोनेशनही गेलं. आज त्याची वीटही दाखवता येणार नाही कुणाला. पण कोरोनेशनसाठी कुणी रडलं नाही, कारण ते आठवणारं माणूसच उरलं नव्हतं. मॅजेस्टिकसाठी रडणारी मी एक आहे अजून. आणि त्या रडण्यावरून माझं जे हसं झालं ना या परभणीत… थांबा, सांगते. आधी आलम आराचं.

अहो, त्या सिनेमाचं सगळं काम रात्री एक ते पहाटे चार. का? तर इराणींचा स्टुडिओ केनेडी ब्रिजपाशी, रुळांच्या कडेला. दिवसा गाडी धडधडत गेली की नायिकेच्या तोंडी इंजिनाची शिट्टी! म्हणून शेवटची गाडी गेली की हे उभे राहायचे आणि पहिली आली की आटोपायचे. वाजवणारे फक्त तिघं. तबला, पेटी आणि व्हायोलिन, बस्स. तेसुद्धा झाडाझुडपाआड लपून, चित्रात यायचे नाहीत म्हणून. आवाज पकडायचं यंत्र चालवायला डेमिंग नावाचा अमेरिकन साहेब आणला होता, रोजचे शंभर रुपये घ्यायचा. शंभर! 1930 साली! इराणी पारशीच ते, त्यांच्या पोटात कालवाकालव झाली असणार. महिनाभर त्याच्याशेजारी उभं राहून सगळं शिकून घेतलं आणि मग स्वतःच रेकॉर्डिंग करायला लागले. असा माणूस पाहिजे घरात. नाहीतर आमचे हे, मिक्सर बिघडला तर अजून मेकॅनिक.

गोष्ट पारशी रंगभूमीवरच्या नाटकाची, आणि नाटक लिहिणारे जोसेफ डेव्हिड. पूर्ण नाव जोसेफ डेव्हिड पेणकर. पेणकर हं! बेने इस्रायल, आपल्या कोकणातले शनिवारतेली. म्हणजे हिंदुस्थानचा पहिला बोलपट पेणच्या माणसाच्या नाटकावरून. हे मी सांगितलं की कोकणातल्या पाहुण्यांची मान कशी ताठ होते ते बघाच.

आणि हिरो? मास्टर विठ्ठल. आपला मराठी गडी, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या कंपनीतून पुढे आलेला. मूकपटात काय रुबाब त्याचा! तलवारी, घोडे, उड्या, लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. तो शारदा कंपनीचा करार सोडून इकडे आला म्हणून त्यांनी कोर्टात खेचलं. वकील कोण असेल विठ्ठलचा? जिना! हो हो, तेच. पाकिस्तानवाले. जिंकून दिली केस. एवढी कोर्टकचेरी करून पहिल्या बोलपटाचा हिरो झाला, आणि तिथे कळलं की… आता पुढे या जरा, मोठ्यानं सांगण्यासारखं नाही… त्याला हिंदुस्तानी धड बोलताच येत नव्हतं! बोलपट, आणि हिरोला बोलता येईना! मग काय, बराच वेळ त्याला गुंगीत नाहीतर मुका दाखवला.

नायिका झुबेदा. ती मात्र बोलणारी. राजघराण्यातली, सचिन संस्थानच्या नवाबाची मुलगी, आणि आई फातमा बेगम, जिनं बाई असून सिनेमे काढले, दिग्दर्शन केलं. आणि ही झुबेदा पुढे कुणाकडे गेली म्हणता? हैदराबादच्या धनराजगीर घराण्यात. म्हणजे आपल्याच निजामाच्या मुलखाची सून की! परभणी तेव्हा हैदराबादेतच होती. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "म्हंजी मुंबईवरून निजामाकडं आलेली तू काही पहिली नाहीस." टोमणा होता तो, पण मला आवडला.

तर काय सांगत होते… 14 मार्च. सकाळपासून रस्ता भरला. रांग लावायची पद्धत तेव्हा लोकांना माहीतच नव्हती, नुसती झुंबड. पोलीस बोलवावे लागले. चार आण्याचं तिकीट चार-पाच रुपयांना गेलं. म्हणजे तिकिटाचा काळाबाजारही सिनेमाच्या आवाजाबरोबरच मोठा झाला म्हणायचा. आठ आठवडे चालला सिनेमा. आमच्या आजीचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. तिला काही कुणी नेलं नाही, ती गॅलरीत उभी राहून नुसती गर्दी बघत होती. ती म्हणायची, "मी आलम आरा नाही पाहिला, आलम आरा पाहणारे पाहिले."

आता आमच्या चाळीतली गंमत ऐका. गिरगावात तुम्ही कुठल्याही चाळीत जा, प्रत्येकाचे आजोबा आलम आराच्या पहिल्या खेळाला होते! सगळ्यांचे! मी एकदा मनातल्या मनात हिशेब केला, तर मॅजेस्टिकाला शिवाजी पार्कएवढं पटांगण लागलं असतं. आमच्या वरच्या मजल्यावरचे एक आजोबा होते, नाव नाही सांगत, त्यांची नातवंडं आहेत अजून. त्यांचं दर गणपतीला ठरलेलं. आरती झाली, खिरापत वाटली की हात मागे बांधून उभे राहायचे आणि सुरू. "तिसऱ्या रांगेत होतो मी. मास्टर विठ्ठलनं जे भाषण ठोकलं दरबारात, अहाहा!" मग ते भाषण म्हणून दाखवायचे. काय ते हातवारे, काय तो आवाज, कोपऱ्यातली समई हलायची. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो.

एका वर्षी आजी बसली होती भिंतीला टेकून, वाती वळत. मानही वर न करता म्हणाली, "भावजी, तो तर मुका होता ना हो त्यात?"

अहो, काय शांतता पसरली! आरतीतला कापूर विझल्याचाही आवाज आला असता. आजोबांचा एक हात वर तसाच. चाळीतल्या बायका पदराआड. आजोबांच्या बायकोचा चेहरा… ती बिचारी चाळीस वर्षं ते भाषण ऐकत आलेली, आणि तिलाही आत्ताच कळत होतं. मग आजोबा हळूच हात खाली घेत म्हणाले, "शेवटी शेवटी बोलतो तो." आजी म्हणाली, "बोलत असेल हो. मी कुठे पाहिलाय." आणि वात वळत राहिली. पुढच्या गणपतीपासून आजोबा सेंट्रलला 57 आठवडे चाललेल्या संत तुकारामचं सांगायला लागले. ते मात्र खरं होतं. 1936 चा प्रभातचा तुकाराम, विष्णुपंत पागनीस. तो त्यांनी नक्की पाहिला असणार, वर्षभरात कधीतरी नंबर लागलाच असेल.

हां, आता माझं रडणं. ते 1972 साल. मी नवी नवरी, वीस वर्षांची. हे कृषी विद्यापीठात लागले, ते विद्यापीठही त्याच वर्षीचं, मे महिन्यातलं. आणि दुष्काळ! तुम्ही तेव्हा लहान असाल. गिरगावातून निघाले तेव्हा आत्यानं कानात सांगितलं होतं, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." मला वाटलं आशीर्वाद आहे! मनमाडला मोठी गाडी सोडून छोट्या रुळाच्या गाडीत बसलो, तेव्हा थोडा थोडा अर्थ कळायला लागला. इथे आले तर भाकरी लाल, त्या अमेरिकन मिलो ज्वारीची. गिरगावात मी रोज भात खाल्लेली. पण तक्रार नाही केली हं कधी. म्हणजे फारशी नाही केली.

तर एक दिवस आईचं पत्र आलं. नेहमीचंच, कोणाचं बारसं, कोणाची बदली, आणि शेवटी कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, की आपलं मॅजेस्टिक पाडतायत. बस्स. मी उंबऱ्यावर बसून वाचत होते. मला काय झालं कोण जाणे, हुंदकाच फुटला. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं त्याच्याबरोबर बाहेर आलं असणार. सासूबाई माळवदावर वाळवण राखत होत्या, त्या धावत खाली.

"कामून रडायलीस गं माय? कोन गेलं?"

मी हुंदक्यात म्हटलं, "मॅजेस्टिक गेलं."

त्यांना नाव नीट कळलं नाही, पण "गेलं" कळलं. मटकन बसल्या माझ्याजवळ. पाठीवर हात. "म्हातारं होतं का?" मी म्हटलं, "चोपन्न वर्षांचं." आमचे वडील सांगायचे ना 1918 चं बांधकाम, तो हिशेब डोक्यात. सासूबाई म्हणाल्या, "चोपन्न म्हंजी काही वय न्हाई गं जायाचं. आजारी होतं का काय?" मी म्हटलं, "नाही. पाडलं." आता त्यांचे डोळे मोठे. "पाडलं? कुनी पाडलं? कुटून?"

मला अजून रडू येतंय, बोलता येत नाहीये. तोवर त्यांनी भिंतीवरून, हो, याच भिंतीवरून, शेजारच्या काकूंना हाक मारली. आणि काकूंनी पलीकडच्या मावशींना. अर्ध्या तासात अंगणात सात-आठ बायका. नव्या सुनेच्या माहेरचं कुणीतरी कुणीतरी पाडून मारलं, इथपर्यंत गोष्ट गेली होती. सासूबाईंनी चूल विझवली. मला म्हणाल्या, "सुतक किती दिसाचं धरायचं ते तुह्या आईला विचार, तोवर आंघोळ करून घे." आणि शेजारच्या काकू… देवमाणूस हो… पातेलंभर पिठलं आणि वर पाच भाकरी झाकून घेऊन आल्या. त्या दुष्काळात! ज्या घरात रेशनचं धान्य मोजून काढत होते, त्या घरातून.

संध्याकाळी हे आले. अंगणात बायका, चूल बंद, बायको ओल्या केसांनी कोपऱ्यात. यांचा चेहरा पांढरा फटक. पत्र हातात घेतलं, वाचलं, उलटंपालटं केलं, परत वाचलं. म्हणाले, "कोण गेलंय? यात तर सगळे बरे आहेत." मी म्हटलं, "खाली बघा, कोपऱ्यात." यांनी मोठ्यानं वाचलं. मग हळूच म्हणाले, "आई, मॅजेस्टिक म्हणजे… टाकीज आहे."

वहिनी, ती वेळ वैऱ्यावरही येऊ नये. आठ चेहरे एकदम पडले. कुणी हसेना, कुणी रागवेना. सासूबाई एकदा माझ्याकडे बघतायत, एकदा विझलेल्या चुलीकडे. शेवटी त्या मावशी उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "बाई बाई, जगात जर्मनी अन् भारतात परभनी म्हंत्यात, पन टाकीजचं सुतक धरनारी ही पहिलीच!" मग जे हसणं सुरू झालं… सासूबाईसुद्धा, डोळे पुसत पुसत. पिठलं-भाकरी सगळ्यांनी मिळून खाल्ली. पाच भाकऱ्या, दहा माणसं. मिलोचीच होती, पण त्या दिवशी पहिल्यांदा गोड लागली मला. आणि पुढे चांगली दहा वर्षं, बाजारात कुणी भेटलं की विचारायचं, "काय सूनबाई, टाकीजचं वर्षश्राद्ध कधी?"

पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा पाहिलं. जिथे ते उभं असायचं तिथे आकाश दिसत होतं. गिरगावात आकाश! मला ओळखच पटेना रस्त्याची. मग झालं ते शॉपिंग सेंटर, नातीनं दाखवलं ते.

पण नाव गेलं नाही हं, ते उरलं. कसं, ते ऐका. 1942 साली त्या सिनेमाच्या शेजारी केशवराव कोठावळ्यांनी पुस्तकांचं दुकान टाकलं आणि शेजाऱ्याचंच नाव लावलं, मॅजेस्टिक बुक स्टॉल. मग 1952 ला मॅजेस्टिक प्रकाशन. मग ललित मासिक, ज्यात जयवंत दळवी ठणठणपाळ होऊन सगळ्या लेखकांच्या डोक्यात हातोडा घालायचे. तुमच्या कपाटात नाही का ते दळवींचं चक्र, त्यांनीच छापलेलं. म्हणजे ज्या परभणीकरानं मॅजेस्टिक सिनेमा जन्मात पाहिला नाही, त्याच्याही घरात ते नाव पुस्तकाच्या पाठीवर बसलेलं आहे. आणि त्या लोकांनी पार्ल्याला कार्यक्रम सुरू केला, त्याचं नाव काय? मॅजेस्टिक गप्पा! आमचे हे म्हणतात, तुझ्यासाठीच काढला असणार. म्हणूदेत.

बरं, थिएटर गेलं तर गेलं, निदान सिनेमा तरी? तोही नाही! आलम आराची एकही प्रिंट जगात कुठे नाही. पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला 2003 साली आग लागली तेव्हा लोक म्हणाले, त्यात जळला. पण संग्रहालय उभं करणाऱ्या नायरसाहेबांनी सांगितलं, आमच्याकडे तो कधी नव्हताच, जळणार कसा? ते स्वतः इराणींकडे जाऊन आले होते. म्हाताऱ्या इराणींना वाटत होतं काही रिळं असतील कुठेतरी. आणि मुलानं काय सांगितलं? त्यातली चांदी काढून ती कधीच निकालात काढली! अहो, जुन्या फिल्मला चांदी असायची ना, ती वितळवून घ्यायचे. पहिला बोलपट, आणि त्याचं झालं काय, तर चांदीचा गोळा. नायरसाहेबांचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल, मी अजून कधीकधी डोळ्यांसमोर आणून बघते.

एक यंत्र तेवढं सापडलं. 2022 मध्ये बातमी आली, आलम आरा ज्यावर छापला ते शिकागोचं मशीन मुंबईत एका दुकानात पडलेलं होतं. आणि दुकान कसलं? साड्या भाड्यानं देणारं! 1962 ला अडीच हजारांत घेतलेलं म्हणे इराणींकडून. म्हणजे शेवटी शालू-पैठण्यांच्या गराड्यात…

काय? कुकरच्या शिट्ट्या झाल्या? चार? जा जा, भाताचा गोळा होईल. पण एक मिनिट, ज्यासाठी हाक मारली ते राहिलंच की! तुमच्या चुलतसासऱ्यांची ती टुरिंग टाकीज, तिचं सामान सेलूच्या वाड्यात माडीवर पडलंय म्हणाला होतात ना? आणि दीर वाडा विकायला काढतायत, उन्हाळ्यात भंगारवाला बोलावणार आहेत? तर त्यांना आजच फोन लावा. पत्र्याचे गोल डबे असतील तर भंगारात द्यायचे नाहीत. माडीवर काडी ओढायची नाही, विडी तर मुळीच नाही, ती जुनी फिल्म भसकन पेटते. उन्हात ठेवायचे नाहीत, झाकण उचकटायचं नाही. डब्यावर काही लिहिलेलं असेल तर तेवढं वाचून मला सांगा. दुपारी मी इथेच आहे, भिंतीपाशी.